समाधानाचा रकाना

आमच्या घरांत शुक्र हा शब्द मूल बोलायला लागण्याआधीच त्याच्या कानावर पडलेला असतो. जेवण झाले, शुक्र. ताप उतरला, शुक्र. एस. टी. चुकली पण मागची मिळाली, तरी शुक्रच. कुणी विचारले, "कसं काय चाललंय?" तर खिशात दमडी नसतानाही उत्तर ठरलेले असते, "अल्लाहचं शुक्र आहे." या सवयीने आमच्या आईवडिलांना फार मोठ्या संकटांतून तारून नेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या सवयीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण हीच सवय घेऊन आमची मुले विद्यापीठाच्या आवारात जातात. तिथे कुणीतरी त्यांच्यापुढे एक कागद ठेवतो आणि विचारतो, "इथल्या सोयींबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" मुले पटापट 'हो'वर खूण करून मोकळी होतात. त्या 'हो'मध्ये खरोखर काय काय असते, हे जरा उघडून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे एकाच तालुक्याच्या गावात, एकाच मोहल्ल्यात वाढलेले पाच मित्र. आमच्या वडिलांपैकी एक शिंपी, एक अत्तर-सुरमा विकणारे, एक बाजारात फळांची गाडी लावणारे, एक दर्ग्याचे मुजावर आणि एक प्राथमिक शाळेत मास्तर. शिकलो मराठी शाळेत. १९९५ साली आम्ही पाचही जण एम. ए., एम. कॉम.साठी विद्यापीठात दाखल झालो. विद्यापीठ सरकारी, सगळ्यांचे. त्याचे नाव इथे मुद्दाम घेत नाही, कारण जे आम्हाला भेटले ते इतरांना इतरत्रही भेटले असणार.

विद्यापीठ पाहून आम्ही हरखून गेलो होतो. एवढी झाडे, एवढे मोठे रस्ते! ग्रंथालयाच्या वाचनकक्षात रात्री अकरापर्यंत दिवा आणि पंखा. ज्याच्या घरी एका खोलीत सात माणसे झोपतात आणि अभ्यासाला रस्त्यावरच्या खांबाखाली बसावे लागते, त्याला त्या लाकडी टेबलाचे काय वाटत असेल? वसतिगृहाचा नळ सकाळी फक्त दोन तास चालायचा, पण गावात तर एक दिवसाआड पाणी होते. खोलीत ढेकूण होते, पण खोली होती. आमच्या हाती तेव्हा कुणी समाधानाचा कागद दिला असता, तर आम्ही शंभरातले शंभर गुण देऊन टाकले असते. आणि ते खोटेही ठरले नसते. माणूस नेहमी मागच्याशी ताडून पाहतो. आमचे मागचे इतके कमी होते, की पुढचे सगळेच जास्त वाटले.

रमजान त्या वर्षांत ऐन थंडीत येई. मेस उघडायची सकाळी नऊला आणि सहरी संपायची पहाटे साडेपाचच्या सुमाराला. पहिले चार रोजे आम्ही पाव, केळी आणि रात्रीच्या थंड दुधावर काढले. पाचव्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींना ते समजले. त्या आम्हाला रागावल्या, "अरे, सांगायचं नाही होय? उपाशी पोटी परीक्षा देताय?" त्या दिवसापासून रात्री जाताना त्या पिठले-भाकरीचा डबा झाकून ठेवू लागल्या. सत्तावीसच्या रात्री तर डब्यात गुळाची खीर होती. मावशी गावाकडच्या, माळकरी. आमच्या सणावारांचा हिशेब त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक असायचा. आज त्या हयात नाहीत. आम्ही पाच जण भेटलो की त्यांची आठवण हमखास निघते.

पण पुढच्याच वर्षी मावशी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि डबाही बंद झाला. मेसच्या ठेकेदाराला विचारले, तर तो म्हणाला, "असा काही नियम नाही." त्याचेही बरोबरच होते. मावशींनी जे केले ते त्यांच्या पदरचे होते. विद्यापीठाने त्यासाठी काहीच केले नव्हते. आम्ही मात्र इतकी वर्षे ती मेहरबानी विद्यापीठाच्याच खात्यावर जमा करत आलो. "आमच्या विद्यापीठात किती चांगलं होतं," असे म्हणत आलो. चांगले माणूस भेटणे ही नशिबाची गोष्ट आहे. सोय ही नशिबावर सोडायची गोष्ट नव्हे. मावशी असोत वा नसोत, ज्याला पहाटे जेवायचे आहे त्याला जेवण मिळाले, तर तिला सोय म्हणायचे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा लागणाऱ्यालाही हाच नियम आणि पथ्यपाणी असणाऱ्या आजारी मुलालाही हाच.

दुसरी गोष्ट परीक्षा विभागाच्या खिडकीची. ही सांगताना आजही आमचा आवाज चढतो.

विद्यापीठाच्या अर्जावर तीन रकाने असतात. आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव. आमच्यात कुणाला आडनाव असते, कुणाला नसते. मुजावर, आत्तार, तांबोळी, मणेर, बागवान, पिंजारी ही आपली गावातली आडनावे. पण कुणाच्या दाखल्यावर शेख आधी, कुणाच्या नंतर. वडिलांचे नाव दोन शब्दांचे असले की कारकुनाची लेखणी अडते. आमच्यातल्या एकाच्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावातला दुसरा शब्द आडनावाच्या जागी बसला आणि खरे आडनाव गळून पडले. गुण होते अठ्ठावन्न टक्के. नाव मात्र दुसऱ्याच माणसाचे.

त्याला बी. एड.ला प्रवेश मिळाला होता. मूळ कागदपत्रे पंधरा दिवसांत द्यायची होती. तो विद्यापीठात गेला. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले. दुसरी म्हणाली प्रतिज्ञापत्र आणा. ते आणले, तर साहेब रजेवर. साहेब आले, तर रजिस्टर बांधणीला गेलेले. एकदा जेवणाची सुट्टी, एकदा संप. एकदा नाव दुरुस्त होऊन आले, तर इंग्रजी स्पेलिंग चुकलेले. गाव ते विद्यापीठ सत्तर किलोमीटर. अकरा फेऱ्या झाल्या. अकराव्या फेरीला गुणपत्रिका बरोबर मिळाली, पण तोवर प्रवेशाची मुदत उलटून दीड महिना झाला होता. पुढच्या वर्षी वडील आजारी पडले आणि दुकान त्याच्यावर आले. तो आज बाजारात भांड्यांचे दुकान चालवतो आणि उत्तम चालवतो. पण त्याच्यासारखा इतिहास शिकवणारा मास्तर आमच्या तालुक्याला मिळाला असता, तो मिळाला नाही. खिडकीमागच्या माणसाला हे कधी कळलेही नसेल. त्याच्या दृष्टीने काम झाले होते. अकराव्या फेरीला का होईना, कागद दिला होता.

हे गाऱ्हाणे फक्त आमचे आहे, असे कुणी समजू नये. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. पुढच्या प्रवेशासाठी थांबलेल्या मुलांचे हाल वर्तमानपत्रांनी रोज छापले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. त्या रांगेत सगळ्या जातीधर्मांची मुले होती. खिडकी कुणाला ओळखत नाही. फरक इतकाच, की ज्याच्या घरी वर्षभर थांबण्याइतका पैसा असतो तो थांबतो आणि ज्याच्या घरी नसतो तो दुकानावर बसतो.

सेवेचा दर्जा मोजायची एक रीत परसुरामन, झाइथामल आणि बेरी या अमेरिकेत काम करणाऱ्या तीन अभ्यासकांनी १९८८ साली मांडली. तिला सर्व्हक्वाल म्हणतात. मुळात ती बँका, दुरुस्ती-सेवा अशा व्यवहारांसाठी होती. पुढे जगभरच्या विद्यापीठांतही ती वापरली गेली. तिच्यात पाच कसोट्या आहेत. डोळ्यांना दिसणारी साधने, दिलेल्या शब्दाचा भरवसा, तत्परता, समोरच्याला वाटणारी खात्री आणि आपुलकी. या रीतीतली महत्त्वाची गोष्ट अशी, की ती माणसाला दोनदा विचारते. तुम्हाला काय मिळाले, हे विचारते आणि तुमची अपेक्षा काय होती, हेही विचारते. दोन्हींतले अंतर म्हणजे दर्जातली उणीव. आमच्या विद्यापीठाला या कसोट्या लावल्या, तर मावशींच्या आपुलकीला पूर्ण गुण द्यावे लागतील, खिडकीच्या भरवशाला शून्य. पण यातही एक मेख आहे. ज्याची अपेक्षाच शून्य आहे, त्याच्या बाबतीत अंतर कुठून दिसणार? गरिबाचे समाधान हे पुष्कळदा त्याच्या अपेक्षेच्या तोकडेपणाचे माप असते. संस्थेच्या चांगुलपणाचे ते माप म्हणून वापरले, की हिशेब चुकतो.

आपल्या महाराष्ट्रात ही समज नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करत गेले. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातीधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. शाळेची फी माफ केली म्हणजे खेड्यातले मूल शिकते, असे नाही. त्याला रात्री कुठे झोपायचे आणि सकाळी काय खायचे, याचे उत्तर आधी द्यावे लागते. वसतिगृह, खानावळ, दिवा, पाणी या त्यांच्या लेखी शिक्षणातल्याच गोष्टी होत्या. आज त्यांनाच आपण 'इतर सुविधा' म्हणतो आणि अहवालाच्या शेवटच्या पानांत ढकलतो.

आपल्या समाजाच्या बाबतीत तर ही शेवटची पानेच पहिली ठरतात. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले, की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारकांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी आहे. देशाचे एकूण प्रमाण तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास होते. नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात पंचविसांत एक आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक मुसलमान विद्यार्थी, असेही त्यात होते. त्यानंतरच्या वर्षांत अल्पसंख्याकांसाठी शिष्यवृत्त्या आल्या, त्यांचा अनेक मुलांना आधार झाला. २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप संशोधन करणाऱ्यांसाठी होती, ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली. शिष्यवृत्ती दिल्लीची असो वा मुंबईची, तिचा अर्ज शेवटी महाविद्यालयाच्या कार्यालयात पडताळणीसाठी थांबतो. आधारवरचे नाव, दहावीच्या दाखल्यावरचे नाव आणि संगणकातले नाव जुळले नाही, की तो तिथेच अडतो. आमच्या मित्राची खिडकी आता मोबाइलवर आली आहे, एवढेच. जिथे कागद वेळेवर पुढे सरकतो तिथे मुलगी एम. एस्सी. होते. जिथे सरकत नाही तिथे तिचे लग्न ठरते.

आता त्या समाधानाच्या कागदाकडे येऊ. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. २०१७ मध्ये तिने आपल्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. एकवीस प्रश्न. विसांना ठरीव पर्याय आणि एकविसाव्यात मुलांनी तीन सूचना लिहायच्या. प्रश्न मुख्यतः शिकवण्याबद्दलचे होते. अभ्यासक्रम किती पुरा झाला, शिक्षक तयारीने येतात का, अंतर्गत गुण न्यायाने दिले जातात का. प्रश्न चांगलेच होते. पण वसतिगृहाचा नळ, मेसची वेळ, परीक्षा विभागाची खिडकी यांना त्यांत जागा नव्हती. त्यासाठी विद्यापीठे आपापले वेगळे अर्ज भरून घेतात. असाच एक अर्ज आमच्यातल्या एकाची भाची भरत होती, तेव्हा आम्ही दोघे-तिघे तिथे बसलो होतो.

भाची एका सरकारी विद्यापीठात एम. एस्सी. करते. सुट्टीला घरी आली होती. मोबाइलवर अर्ज उघडला आणि दीड मिनिटात सगळीकडे पाचातले पाच देऊन बंदही केला. तिचे मामू म्हणाले, "सगळीकडे पाच? अगं, ग्रंथालयापासून होस्टेलपर्यंतच्या वाटेवरचे दिवे दोन महिने बंद आहेत, असं तूच सांगत होतीस ना? तिघींच्या खोलीत पाच जणी राहता म्हणून?"

ती हसली. "मामू, लिखी तो उनको नाम समझता. लॉगिन मेराच है ना."

"आणि नाव समजणार नसतं तर?"

मग तिचे हसू मावळले. आतल्या खोलीकडे पाहत ती हळू आवाजात म्हणाली, "तो भी नै लिखती. अब्बा को मालूम हुआ के रस्ते पे अंधेरा है, तो दुसरे दिन बॅग भर के घर. अम्मी ने कितनी मिन्नतां करके भेजी मेरे को, तुमको मालूम है ना?"

आमच्यापैकी कुणालाच पुढे बोलायला सुचले नाही. तिच्या पाचातल्या पाच गुणांत अंधारी वाट होती, पाच जणींची खोली होती आणि घरी परत बोलावले जाण्याची भीती होती. कुलगुरूंच्या टेबलावर मात्र 'विद्यार्थिनी अतिशय समाधानी' एवढेच पोचले असणार. जी मुलगी अशाच कारणाने शिक्षण सोडून गेली, तिला तर हा अर्ज येतच नाही. सर्वेक्षण जे आत उरले त्यांनाच विचारते.

मुलांनी समाधानी असू नये, असे आमचे म्हणणे नाही. शुक्र जरूर करावा. तो अल्लाहचा करावा आणि भाकरी झाकून ठेवणाऱ्या मावशींचाही करावा. पण परीक्षा विभागाने वेळेत गुणपत्रिका दिली, रस्त्यावरचा दिवा लागला, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत तपासला गेला, तर त्यांनी आपले काम केले. तो आपला हक्क होता. हक्काची गोष्ट उशिरा मिळाली, तर तिची दाद मागणे हा नाशुक्रेपणा होत नाही.

दाद मागायला आता जागाही आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम काढले. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि तरीही समाधान झाले नाही तर विद्यार्थ्याला लोकपालाकडे अपील करता यावे, अशी त्यात तरतूद आहे. निकालाला उशीर, शिष्यवृत्ती न मिळणे, कागदपत्रे अडवून ठेवणे, माहितीपुस्तिकेत कबूल केलेल्या सोयी न देणे, या सगळ्या गोष्टी तक्रारीच्या व्याख्येत बसतात. आमच्या मित्राच्या वेळी असे काही असते, तर अकरा फेऱ्यांऐवजी एक अर्ज पुरला असता की नाही, ते सांगता येत नाही. पण पंधरा दिवसांची मुदत त्याच्या हाती असती.

म्हणून मुलांना आमचे सांगणे असे आहे. तक्रार एकट्याने करू नका. खोलीतल्या पाच जणींनी, वर्गातल्या वीस जणांनी मिळून सही करा. त्यात साऱ्या जातीधर्मांची मुले असू द्या, कारण अंधार सगळ्यांच्याच वाटेवर आहे. तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नावाची चूक पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेतच तपासा, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका.

विद्यापीठांना सांगणे एवढेच. टक्क्यांवर जाऊ नका. नाव न विचारता विचारा. काय मिळाले याबरोबर काय मिळायला हवे होते, हेही विचारा. आणि जी मुले मधूनच सोडून गेली, त्यांच्या घरी एक पत्र पाठवून कारण विचारा. त्या पत्रांच्या उत्तरांत जे सापडेल, ते हजार अर्जांत सापडणार नाही.

सर्वांत कठीण सांगणे आहे ते आम्हा घरच्यांना. मुलीने उणीव सांगितली की आपण मुलीलाच परत आणतो. उणीव तिथेच राहते, मुलगी तेवढी शिक्षणातून उठते. मग पुढची मुलगी उणीव सांगणेच बंद करते आणि कागदावर पाचातले पाच देते. तिचे खोटे समाधान विद्यापीठाआधी आपल्या घरात तयार होते. हे थांबवायचे असेल, तर मुलीला निरोप देताना अब्बांनी दुआबरोबर एक वाक्य जास्त बोलावे. "बेटी, तिथं काही कमी असेल तर बिनधास्त सांग. आपण मिळून अर्ज करू, मी सही करायला येईन. बॅग भरायची नाही."